आजीची नऊवारी पैठणी शिवून घेऊ का? लग्नाच्या कपड्यांविषयी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्न माघात आहे. घरात आजीची नऊवारी पैठणी आहे, १९६० च्या सुमाराची, डाळिंबी रंगाची. ती कापून ‘रेडीमेड नऊवारी’ शिवून घ्यावी, की ती ठेवून नवी पैठणी घ्यावी? लग्नाचे सगळेच कपडे ‘सस्टेनेबल’ असावेत, एकदा घालून कपाटात पडू नयेत अशी इच्छा आहे. नैसर्गिक रंग आणि ‘अहिंसा’ रेशीम घ्यावं का, हेही विचारलं आहे. पण घरच्यांना ते ‘अगदीच साधं’ वाटून चालणार नाही.

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देते: कात्री लावू नका. बाकी सगळं त्यानंतर बोलू.

नवरीचे कपडे शिवणं आणि जुन्या साड्या दुरुस्त करणं हेच माझं नाशकातलं काम. गेल्या काही वर्षांत ‘स्लो फॅशन’ म्हणून विचारणा करणाऱ्या मुली वाढल्या आहेत. बहुतेकींचा पहिला प्रश्न कापडाबद्दल असतो: ऑरगॅनिक आहे का, रंग नैसर्गिक आहे का. तो प्रश्न चुकीचा नाही, पण दुसऱ्या क्रमांकाचा आहे. हे वस्त्र आणखी किती वेळा आणि किती जणींच्या अंगावर चढेल, हे आधी विचारावं. या कसोटीवर न शिवलेल्या साडीला तोड नाही. ती बत्तीस कमरेच्या मुलीला होते, बाळंतपणानंतर तिलाच होते आणि चाळीस कमरेच्या तिच्या आत्यालाही होते. शिवलेली नऊवारी मात्र एकाच मुलीला, तेही त्याच महिन्यात, नीट बसते.

नऊवारी शिवताना काय होतं ते आधी समजून घ्या. नऊ वारांचं अखंड कापड चार-पाच तुकड्यांत जातं. दोन्ही पायांचे भाग वेगळे कापतात, मागचा काष्टा वेगळा, समोरच्या निऱ्या वेगळ्या, पदर वेगळा. कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक लागतं, बाजूला चेन लागते. उरलेल्या कापडाचं बटव्यांपलीकडे काही होत नाही. साडीचा काठ पायावरून फिरताना तिरका यावा म्हणून तो मधेच कापून जोडावा लागतो. पैठणीत काठ आणि अंग विणतानाच एकमेकांत अडकवलेले असतात. तिथे कात्री फिरली की धागे सुटायला लागतात, मग तिथे ओव्हरलॉक (कडेचे सुटे धागे बांधणारी मशीनची शिलाई) मारावा लागतो. साठ वर्षं टिकलेलं कापड एका दुपारी संपतं.

‘पण मला नऊवारी नेसता येत नाही, आणि दिवसभर सुटायची भीती वाटते,’ ही अडचण मात्र खरी आहे. त्यावर उपाय आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही, कारण त्यात शिलाईचे पैसे कमी मिळतात. लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी नेसवणाऱ्या बाईंकडून साडी एकदा पूर्ण नेसून घ्यायची. बसून, उठून, पाटावर मांडी घालून बघायचं. सगळं जमलं की निऱ्यांच्या वरच्या टोकाला आणि काष्ट्याच्या घडीला लांब कच्चे टाके घालायचे, सुती दोऱ्याने, रेशमी साडीला चालेल अशा बारीक सुईने. हे टाके कमरेच्या एका सुती पट्टीवर धरायचे. लग्नाच्या दिवशी ती पट्टी बांधली की अर्धी साडी आपोआप जागेवर येते. दुसऱ्या दिवशी दोरा ओढून काढला की साडी पुन्हा नऊ वार. सेफ्टी पिना मात्र कमीत कमी, आणि टोचायचीच तर पिनेखाली कापडाची छोटी घडी ठेवून. जुन्या रेशमात पिनेचं भोक बुजत नाही, ते वाढत जातं.

आता आजीची साडी नेसण्याजोगी आहे का, हे बघू. तिची घडी उघडून ती दिवसा खिडकीसमोर, उजेडाच्या आड धरा. घडीच्या रेषेवर बारीक चिरा किंवा उजेडाच्या सरळ रेघा दिसतात का ते पाहा. मग घडीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून अगदी हलका ताण द्या. कापड ‘चर्र’ असं वाजलं किंवा धागे सरकले, तर ती घडी गेली असं समजा. सगळ्यात आधी पदर जिथे अंगाला मिळतो ती जागा तपासा. जुन्या पैठणीच्या पदरात जरीचं काम भरपूर असतं, पदर जड असतो, आणि ते सगळं वजन त्या एका रेषेवरच्या रेशमावर येतं. बहुतेक जुन्या साड्या तिथेच सुटतात. पदर ठणठणीत आणि चार बोटं अलीकडे कापड विरलेलं, असं दृश्य मी नेहमी बघते.

विरलेला भाग थोडा असेल तर त्या जागी मागून मलमल किंवा तलम रेशमी नेट लावून हाताने टाचता येते. इस्त्रीने चिकटवायचं फ्युजिंग जुन्या रेशमाला कधीही लावू देऊ नका. गोंद कडक होतो आणि त्याच्या कडेने नव्याने चीर जाते. रोल पॉलिशही (साडी रोलरवर ताणून चमक आणणं) नको. नव्या साडीला त्याने झळाळी येते, जुन्या साडीच्या घड्या त्याने मोडतात. कळकट वास येत असेल तर सावलीत, वाऱ्यावर, जुन्या धोतरावर पसरून दोन दिवस ठेवा. वास जातो.

अंगच पूर्ण गेलं असेल तर काठ-पदर सोडवून नव्या रेशमावर बसवणारे कारागीर आहेत. ही दुरुस्ती महाग आणि वेळखाऊ आहे, महिना सहज जातो. हातशिलाईनेच करा, मशीनच्या टाक्याने जरीचा काठ आकसतो. आणि याच प्रसंगी कात्री लावायला माझी हरकत नाही, कारण तिथे कापून वाचवणं चाललेलं असतं. उरलेल्या जुन्या अंगातून अंतरपाट करा. दोन बाजूंनी धरायचं चौकोनी वस्त्र, मधे कुंकवाचं स्वस्तिक. त्याला विरलेलं रेशीमही चालतं, मागे सुती अस्तर दिलं की झालं. आजकाल अंतरपाटावर नवरा-नवरीचं चित्र आणि तारीख रंगवून घेतात. त्याचं नंतर काय करायचं, हे कुणालाच माहीत नसतं.

एक इशारा. दारावर किंवा बाजारात ‘जुन्या जरीच्या साड्या द्या, रोख पैसे घ्या’ म्हणणारे येतात. ते साडी जाळून जरीतली चांदी काढतात. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिला वर सोन्याचा मुलामा असतो. चांदीचा भाव चढला की या मंडळींची वर्दळही वाढते. आपल्याकडच्या किती पैठण्या बोहारणीच्या भांड्यांत आणि अशा भट्ट्यांत गेल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तुमच्या आजीची वाचली आहे, तर घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

समजा ती नेसण्याजोगी नाही आणि नवी घ्यायची आहे. मग आजपासूनच हालचाल करा. माघ म्हणजे हातात सहा महिने आहेत, आणि हातमागाच्या हिशेबाने ते फार नाहीत. येवल्यात बारीक बुट्टीची, साध्या पदराची पैठणी तीन-चार आठवड्यांत मागावरून उतरू शकते. भरगच्च पदराला दोन-तीन महिने लागतात. अंगभर ब्रोकेड किंवा महापैठणी असेल तर सहा महिने आणि पुढेही. कारण पदरावरचा मोर यंत्राने उठवलेला नसतो. विणकर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने उभ्या धाग्यांतून फिरवतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो. बांगडी मोराच्या (बांगडीच्या गोलात बसवलेल्या मोराच्या नक्षीच्या) एका ओळीत रंग बदलेल तिथे हात बदलतो. दिवसभर बसून इंच-दोन इंच पदर सरकला तरी तो चांगला दिवस.

याच पद्धतीमुळे खरी पैठणी ओळखणं सोपं आहे. पदर उलटा करून बघा. हातविणीच्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. मोराच्या मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले तर ते जॅकार्डचं (नक्षी आपोआप उठवणाऱ्या जोडणीचं), बहुधा यंत्रमागाचं काम. बाजारात त्याला ‘सेमी पैठणी’ म्हणतात. सेमी घेण्यात पाप नाही. पण तिला येवल्याची म्हणून विकलं तर ती फसवणूक, आणि आपली हौस पुरवताना खऱ्या विणकराच्या पोटावर पाय येतो तो याच ठिकाणी. दुसरी खूण साडीच्या कडेला असते. मागावर कापड ताणून धरायला टोकांना टाचण्या असलेली पट्टी लावतात, तिची बारीक भोकं काठाच्या कडेने ठरावीक अंतरावर दिसतात. दुकानदार कधीकधी तो दोष म्हणून दहा टक्के सूट देतो. सूट खुशाल घ्या, पण साडी दोषी नाही.

शिक्क्यांबद्दल बराच गोंधळ आहे. ‘सिल्क मार्क’ एवढंच सांगतो की रेशीम शुद्ध आहे. यंत्रमागाच्या साडीलाही तो मिळू शकतो. ‘हँडलूम मार्क’ सांगतो की कापड हातमागाचं आहे. पैठणीला भौगोलिक मानांकनही आहे. तुम्हाला हातमाग हवा असेल तर एकट्या सिल्क मार्कवर समाधान मानू नका. जरीचं विचाराल तर पदराच्या शेवटच्या सुट्या धाग्यातला एक धागा नखाने खरवडा. आत लालसर तांबं दिसलं तर ती ‘टेस्टेड’ जर, पांढरी चांदी दिसली तर खरी, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीसारखं सोललं तर मेटॅलिक. टेस्टेड जर वाईट असते असं नाही, तिची किंमतही आवाक्यात राहते. फक्त किंमत खऱ्या जरीची लावू देऊ नका. रेशमासाठी जळीत परीक्षा जुनीच आहे: अंगाचा सुटा धागा जाळा, केस जळाल्यासारखा वास यायला हवा आणि राख बोटाने चुरडता यायला हवी. कडक गोळी झाली तर पॉलिस्टर.

विणकराकडे थेट सांगणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मागावर उभा ताणा एकदा चढवला की त्यावर एकापाठोपाठ अनेक साड्या विणतात. म्हणून इन्स्टाग्रामवरचा फोटो दाखवून ‘अगदी हाच रंग’ असा हट्ट धरला तर नवा ताणा चढवावा लागतो, वेळ आणि पैसा दोन्ही वाढतात. त्याऐवजी विचारा, ‘आत्ता मागावर कोणता ताणा आहे?’ त्याच ताण्यावर आडवा धागा वेगळ्या रंगाचा घेतला की धूपछाव, म्हणजे दोन रंगांची झाक मारणारं, अंग मिळतं. पोफळी, राघू, कुसुंबी, मोरपंखी असे जुने पैठणी रंग विणकरांच्या हातात बसलेले असतात, त्यांतलं काही निवडलंत तर काम चांगलं होतं. पेस्टल लव्हेंडरही विणून मिळेल, पण दहा वर्षांनी तो फोटोतच बरा वाटेल. हे माझं मत, फोटोग्राफरचं वेगळं असू शकतं.

आणि पैठणीच हवी असा नियम नाही. विदर्भातली करवतकाठी टसर, करवतीच्या दातांसारख्या काठाची, हळदीच्या किंवा सीमांतपूजनाच्या कार्यक्रमाला इतकी देखणी दिसते की ती मागे का पडली हे मला कळलेलं नाही. तिची किंमत पैठणीच्या मानाने कमी आणि नंतर ती ऑफिसच्या कार्यक्रमालाही नेसता येते.

नैसर्गिक रंग आणि ‘अहिंसा’ रेशीम, म्हणजे किडा न मारता काढलेलं, याबद्दल तुम्ही विचारलं आहे. सरळ सांगते. येवल्यातलं बहुतेक रेशीम आज रासायनिक रंगांचंच असतं. नैसर्गिक रंगाला पक्का करायलाही तुरटी किंवा लोहक्षार लागतात, आणि नवरीच्या घामाने, लिंबाच्या सरबताने त्यातले काही रंग बदलतात. नेहमीच्या रेशमासाठी कोष किड्यासकट उकळले जातात, हे खरं आहे. पतंग बाहेर पडू दिला तर कोषाचा अखंड धागा तुटतो, मग तो कातून घ्यावा लागतो. त्याचं कापड छान मऊ होतं, पण पैठणीच्या ताण्याला लागणारी सलग झळाळी त्यात येत नाही. तत्त्वाचा प्रश्न असेल तर सुती साडी नेसा. गौरीहर पुजताना मामाकडची पिवळी साडी सुती असावी, ही जुनीच पद्धत आहे. ‘अहिंसा रेशमाची पैठणी’ अशी पाटी बघितलीत तर मात्र दोनदा विचारा.

ब्लाउजकडे येते, कारण साडी वाचते आणि ब्लाउज वाया जातो. पैठणीबरोबर आलेला ब्लाउजपीस कापून त्यावर आरी वर्क, मोती, पाठीवर डोलीतली नवरी, दंडावर नवऱ्याचं नाव, असं काम करून घेतात. पाठीवर लग्नाची तारीख असलेलं ब्लाउज पुढे बारशाला कसं घालणार? तुम्ही असं करा. आलेला ब्लाउजपीस तसाच ठेवा. त्याच रंगाच्या साध्या रेशमाचं ब्लाउज शिवा आणि भरतकाम हवंच असेल तर ते वेगळ्या पट्टीवर करून बाह्यांना आणि गळ्याला कच्च्या टाक्याने लावा. शिंप्याला सांगून दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत दीड-दीड इंच माया (जास्तीचं कापड) सोडायला लावा, बाह्यांतही. आतल्या मायेवर ओव्हरलॉक हवा, गोंद नको. अस्तर सुतीच. काखेत घामाचे सुटे पॅड टाका. रेशमाला आगीपेक्षा घाम जास्त खातो. छातीचे पॅड आतून शिवलेलं ब्लाउज नीट धुता येत नाही, म्हणून तेही सुटेच ठेवा.

रिसेप्शनचा लेहंगा भाड्याने घ्या. तिथे मी फार भावुक होत नाही. आठ-दहा किलोचा, फुगवायला कॅनकॅनची कडक जाळी लावलेला पॉलिस्टरचा घेर विकत घेऊन ठेवायला मुंबई-पुण्याच्या घरात कपाटच नाही. भाड्याच्या लेहंग्यात एवढंच बघा की कंबर आणि उंची कच्च्या टाक्याने कमी-जास्त करून देतात का. आणि तो घालून होमाजवळ बसू नका. लाजाहोमात ठिणगी उडते, सुती आणि रेशमी कापडाला काळा डाग पडतो, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. नवऱ्या मुलाची शेरवानीही भाड्यानेच बरी. विधीला त्याला रेशमी कद आणि उपरणं पुरेसं आहे, आणि ते पुढे दरवर्षी गणपतीत लागतं.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. तुमच्या लग्नात सगळ्यात जास्त कापड वाया जाणार आहे ते नवरीच्या अंगावर नसून आहेराच्या पिशव्यांत आहे. मानपानाच्या साड्या, ब्लाउजपीस, टॉवेल-टोपी. यातल्या अनेक ब्लाउजपीसांची घडी कधीच उघडत नाही. ते एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतात आणि शेवटी रंग उडाला की पायपुसणं होतात. पैठणीवर सहा महिने विचार करणारं घर आहेराच्या पन्नास साड्या एका तासात घाऊक दुकानातून उचलतं. यादीच्या बैठकीतच हे बोलून घ्या, नंतर बोलणं अवघड जातं. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांपैकी एकाला आधी विश्वासात घ्या. मुलीने थेट बोललं तर ‘आत्तापासूनच’ असं ऐकावं लागतं. ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ हे पत्रिकेत नुसतं छापू नका, दोन्ही घरांनी पाळायचं ठरवा. ओटी भरायची ती खणाने भरायचीच असेल तर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण द्या, पाच जणींना द्या, पण ज्याचं ब्लाउज शिवलं जाईल असा द्या. मावशी-आत्यांना साडी द्यायचीच असेल तर त्यांना सोबत नेऊन त्यांच्या पसंतीची घ्या. नावडती साडी कितीही ‘इको-फ्रेंडली’ असली तरी ती नेसली जात नाही.

लग्नाच्या दिवशीची काळजी: हळदीला पैठणी नको, जुनी मलमलची पिवळी साडी पुरे. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, त्यामुळे रेशमावर पडला तर घरी चोळू नका, ड्रायक्लीनरला ‘हळद आहे’ असं सांगून द्या. फुलवाल्याला आदल्या दिवशीच सांगा की हार पाणी मारून ओले आणू नका. झेंडूचा रंग आणि हाराचं पाणी खांद्यावरच्या काठावर उतरतं. गजऱ्याखाली मानेवर एक रुमाल ठेवून पदर घ्या. अत्तर साडी नेसायच्या आधी, अंगावर.

दुसऱ्या दिवशी साडी लगेच कपाटात कोंबू नका. पिना मोजून काढा, कच्चे टाके सोडवा, अक्षतांचे दाणे निऱ्यांतून झटका (कुंकू लावलेली अक्षता घडीत राहिली की महिन्याभरात लाल ठिपका पडतो), आणि रात्रभर पंख्याखाली सावलीत टाका. मग मलमलच्या धुतलेल्या, खळ नसलेल्या कापडात सैल गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी नको, दुकानाचा चकचकीत डबाही नको. डांबराच्या गोळ्या जरीजवळ ठेवू नका, वेखंडाची पुरचुंडी कापडात बांधून कोपऱ्यात ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, म्हणजे जुन्या रेषेवर पुन्हा मोड पडणार नाही. आजीच्या साडीला हे आजपासूनच लागू आहे. या रविवारी ती उजेडात धरून बघा आणि पदराच्या सांध्याचा फोटो पाठवा. नेट लावून भागेल की काठ-पदर सोडवावे लागतील, ते त्यावरून सांगता येईल, आणि कारागिराकडे दिवाळीआधी नंबर लावता येईल.